धाकटीच्या बाटल्या

३ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या बाटल्या आज आमच्या प्रयोगशाळेतून इस्पितळाकडे निघाल्या. औषध जुनंच आहे, फक्त नुसत्या नजरेला दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांत आम्ही ते भरलंय. साधा थेंब पापणी मिटली की गालावर येतो. हे कण आतल्या सुजेपर्यंत पोचतात आणि तिथे टिकतात. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, खाडा नको. एका बाटलीमागे आमचे नऊ दिवस जातात, तेव्हा नाक न मुरडता घाल. घड्याळजीचा उजवा डोळा आहे तो, कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही.

वहिनीला नमस्कार, तुला दटावणी.
तुझी धाकटी

२० जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

थेंब चालू आहेत. परवा भिंग लावून एका मनगटी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग बसवली. गिऱ्हाइकांना सांगतो, औषध आमच्या बहिणीनं केलंय. तुझी वहिनी म्हणते, मिरवणं पुरे झालं. डोळा थोडा चुरचुरतो, पण तुझ्या मेहनतीपुढे ते काय. तपासणीला सवडीनं जाईन, सध्या कामं तुंबलीत.

जिवाला जप, माया आहे तशीच राहू दे.
दादा

११ सप्टेंबर

प्रिय वन्संना स. न.

ह्यांना न सांगता लिहितेय. ह्यांचा उजवा डोळा गेला. सूज मागच्या पडद्यापर्यंत पोचली, आता नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कपाटात तुमच्या तीन बाटल्या सापडल्या, त्यातल्या दोन न उघडलेल्या. विचारलं तर म्हणाले, पोरीचे एकेका बाटलीत नऊ नऊ दिवस गेलेत, भसाभसा कसं संपवू. तीन दिवसांतून एक थेंब घालत होते. मी आधी भांडले, मग रडले. तुम्हाला कळवू नको म्हणतात, तुमच्या कामाला बोल लागेल म्हणून.

राग मानू नका, या.
तुमची वहिनी

१६ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीनं कळवलं, तिच्यावर चिडू नकोस. नऊ दिवसांची बढाई मीच मारली. तुझा स्वभाव जन्मापासून ठाऊक असून मारली. मी शनिवारी येतेय.

तुझ्याबरोबर ज्यांना थेंब दिले होते, त्या एकोणीसही जणांची सूज उतरली. काल साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी मान खाली घालून उभी राहिले. औषध चांगलं निघालं, दादा. वाईट निघालं असतं तर मला रडता तरी आलं असतं.

लोभ असू दे म्हणायला आज तोंड नाही.
तुझी धाकटी