गारोची गाडी नापास

फ्रेस्नो, १२ सप्टेंबर १९९९

चि. वाहान यास अराक्सीचे अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. गारोला आंघोळ, जेवण, व्यायाम झाले की माझ्यात काही उरत नाही.

त्याची लाल टू-सीटर धुराच्या तपासणीत नापास झाली. मेकॅनिकने खाली वाकून दोन्ही कन्व्हर्टर ठोकून दाखवले. आतली जाळी फुटून खुळखुळत होती. धूर गाळायला आत काही राहिलेलेच नाही, म्हणून तर गाडी एवढी गुरगुरते, असे तो म्हणाला. एकतीस ऑक्टोबरला नोंदणी संपते. त्याआधी पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही.

अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेल्यापासून गारो घराबाहेर पडतो तो फक्त रविवारी, चर्चनंतर, या गाडीत बसायला. माझ्या मोठ्या गाडीत बसवायला गेले तर दाराची चौकट धरून उभा राहतो, हलतच नाही. बाहेर पडणे थांबले तर तो अंथरूण धरेल, असे डॉक्टर म्हणतात. तू सायलेन्सरवाला माणूस. कोणते कन्व्हर्टर घेऊ ते सांग, मला विचार करायचाही कंटाळा आलाय.

माया करतोस तशीच करत राहा.
तुझी ताई

रीनो, १७ सप्टेंबर

ती. अराक्सीताईस वाहानचा सा. न. वि. वि.

पत्र वाचले आणि खोटे कशाला बोलू, आधी हसू आले. शहाऐंशी साली तपासणी केंद्र चालवताना भावोजींनी सख्ख्या मेहुण्याची पिकअप धुरावर नापास केली होती, आठवतेय ना? तुझ्या हातचे गोड चोरेग पाव समोर ठेवूनसुद्धा मी तीन महिने त्यांच्याशी बोललो नव्हतो.

आता कामाचे. कंपनीचे अस्सल कन्व्हर्टर मागवलेस तर नाताळ उजाडेल. बाजारातले अगदी स्वस्त घेऊ नकोस, वर्षात फुटतात. माझ्या दुकानात भावोजींच्या गाडीला बसतील असे दोन आहेत, जाड पत्र्याचे आणि आतली जाळी उत्तम. पार्सल आजच टाकले. पैशाचे नाव काढलेस तर मीच तीन महिने बोलणार नाही.

तू मात्र दुपारी तासभर पडत जा.
आशीर्वाद असू दे.
वाहान

फ्रेस्नो, ३ ऑक्टोबर

चि. वाहान यास अ. उ. आ.

तुझे कन्व्हर्टर बसवले, छान बसले. शुक्रवारी तपासणीला गेलो. हीच गाडी म्हणून गारोही बसला. आता ते केंद्र मार्टिनेझ चालवतो, गारोच्या हाताखाली तेरा वर्षे काढलेला. धूर इतका स्वच्छ निघाला की त्याने यंत्राचा आकडा मला बोलावून दाखवला. मग आरसा घेऊन गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना.

कन्व्हर्टरवर कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा नंबरच नाही, वाहान! तुमच्या नेवाडात चालतात ते इकडे चालत नाहीत, मग ते कितीही चांगले असोत. मार्टिनेझचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, अराक्सीबाई, मी काय करू, धूर कितीही स्वच्छ असो, नंबर बघायचाच, हे मला साहेबांनीच शिकवलंय.

साहेब गाडीतच बसले होते. सगळे ऐकले आणि मान डोलावली. स्वतःची गाडी नापास झाली आणि हा माणूस खूश! मला तिथेच रडू येत होते. वीस वर्षे सायलेन्सर विकणाऱ्या माझ्या भावाला एवढे आठवू नये?

तरी माया आहेच.
ताई

रीनो, ८ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

चूक माझी. इथे इतकी वर्षे काढली की तिकडचा नंबर डोक्यातून पार गेला. कान धरतो.

पण रडू नकोस, सोपा मार्ग आहे. माझे शेतावरचे घर ज्या भागात आहे तिथे धुराची तपासणीच लागत नाही. गाडी त्या पत्त्यावर, माझ्या नावावर करू. नंबराची पाटी नेवाडाची लागेल, गाडी तुझ्या दारातच राहील. कोण विचारतोय? आणि धूर तर स्वच्छ आहेच. कन्व्हर्टर काढा, घाला, पुन्हा रांगेत उभे राहा, हे तुझ्याच्याने आता होणार आहे का?

फक्त हो म्हण, कागद पाठवतो.
राग धरू नकोस.
वाहान

फ्रेस्नो, ३१ ऑक्टोबर

चि. वाहान यास अ. उ. आ.

तुझे पत्र तीन दिवस फ्रिजवर लावून ठेवले होते. येता-जाता वाचत होते. हो म्हणायचे फार मनात होते, खरेच दमलेय रे. पण गारोने मान डोलावलेली मी पाहिली होती. त्याला त्या पाटीच्या गाडीत बसवून मी कुठे नेणार होते?

नंबरवाले कन्व्हर्टर मागवले. जवळजवळ दोन आठवडे लागले. गुरुवारी मार्टिनेझने गाडी पास केली आणि संध्याकाळी घरी येऊन तो कागद माझ्याऐवजी गारोच्या हातात दिला.

आज चर्चनंतर निघालो. मी किल्ली फिरवली आणि गारो तसाच बसून राहिला. नवे कन्व्हर्टर तू पाठवलेल्यांपेक्षाही शांत आहेत, इतके की त्याला गाडी सुरू झाल्याचे कळेना. माझ्याकडे पाहून त्याने डाव्या हाताने हवेत किल्ली फिरवून दाखवली. म्हटले, अरे, सुरूच आहे. त्याला पटेना. पुन्हा किल्ली फिरवून दाखवली, चिडला आणि दार उघडायला लागला.

तेव्हा मी तो हात धरून गिअरच्या दांडीवर ठेवला. आतली थरथर त्याला लागली. मग दाराचा नाद सोडला.

शेजारच्या सँगर गावापर्यंत जाऊन आलो. हात त्याने काढलाच नाही. गिअर टाकायचा तर दर वेळी मला त्याच्या हातावर हात ठेवूनच टाकावा लागला.

थकलेय, इथेच पुरे करते. तुझा जीव आहे आमच्यावर, तो तसाच राहू दे.
तुझी ताई