फुकट खोली

यवतमाळ, सोमवार, १७ जून १९६३

वीस वर्षं! वीस वर्षं एकही खोली फुकट द्यायची नाही!

विद्यापीठानं मुलींचं हे वसतिगृह कर्ज काढून बांधलं, ते मला ठाऊक होतं. पण वीस वर्षांनी कर्ज फिटेपर्यंत खोल्यांचं भाडंच बँकेकडे तारण आहे, हे कलम मी आज वाचलं. आज! रेक्टर मी, कर्जाच्या ठरावावर सूचक म्हणून सहीसुद्धा माझीच. तेव्हा काय वाचलं मी?

कळंबकडच्या तांड्यावरून गोमलीबाई लेकीला घेऊन आली. उन्हाळ्यात मीच तिथे जाऊन सांगितलं होतं, सेवंतीला पाठवा, पैसा लागणार नाही. चार नंबरची खोली रिकामी पडली आहे, तरी मला नाही म्हणावं लागलं.

"खोली तं रिकामी हाये ना बाई? मंग नाई काहून म्हणता?"

काय सांगू? रिकामी चालते, फुकट चालत नाही?

पुन्हा कर्जाचा कागद काढला. चार नंबर फुकट देता येतच नाही. कागदाच्या शेवटी एकच सवलत आहे: रेक्टरची खोली बिनभाड्याची.

सेवंतीची वळकटी माझ्या खाटेशेजारी ठेवली. गोमलीबाई जाताना माझ्या पाया पडली. आणि मी पडू दिलं.