चुलीमागची खोली

कराकोल,
१७ मे २००९

आदरणीय एने,

सलाम. तुमची तब्येत, तुमचे गुडघे, कालीमा मावशी आणि त्यांच्या गाई, सगळे बरे असतील अशी आशा करते. मी ठीक आहे. जर्दाळूचा मोहोर यंदा थंडीने गेला, सफरचंदाचा टिकला.

पत्र लिहिण्याचं कारण, फोनवर तुम्ही फार बोलत नाही. 'दूध उतू जातंय' म्हणता आणि ठेवून देता. मावशींच्या गाई इतकं दूध देतात हे मला ठाऊक नव्हतं. हे पत्र कोचकोरच्या मिनीबसवाल्याजवळ देते आहे. तुमच्या हातातच द्यायचं असं त्याला बजावलंय.

बातमी म्हणजे, मी घराचं काम काढलं आहे. सुरुवात चुलीमागच्या खोलीपासून केली. आधी एक कारागीर बोलावला होता. त्याने दारात उभं राहून छताकडे पाहिलं आणि असा उसासा टाकला, की मी किंमत न विचारताच त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग म्हटलं, आपले हात आहेत की.

खालची भिंत ओल लागून सुटली होती, बोट लावलं की माती गळायची. शेजारच्या झुलेखाची हातगाडी घेऊन नदीकाठची माती आणली, अंगणात खड्डा करून त्यात गवताचा चुरा टाकला आणि अनवाणी पायांनी तुडवला. झुलेखा कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "स्वतःच्या लग्नात नाचली नाहीस एवढी इथे नाचतेयस." पहिला गिलावा वाळल्यावर तडकला. वाळू कमी पडली होती. सगळा खरवडून पुन्हा केला, आता धरून बसला आहे.

भिंतीचा कागद बाजारातून उरलेल्या तुकड्यांतला घेतला, कारण पूर्ण खोलीला पुरेल असा एकही नमुना मला परवडणारा नव्हता. म्हणून दोन भिंतींवर हिरवी पानं आहेत आणि तिसरीवर पिवळे पट्टे. चुलीकडची भिंत नुसती चुन्याने पांढरी केली, उष्णतेने कागद सुटला असता. खळ घरच्याच पिठाची. शिडी नव्हती, म्हणून टेबलावर तुमची लग्नातली पेटी ठेवून चढले. रागावू नका, खाली गोधडी घातली होती. पडदे आमच्या शिवणकारखान्यातल्या उरलेल्या कापडाचे शिवले. शाळेच्या गणवेशाचं कापड आहे, पण झालर लावल्यावर ओळखू येत नाही.

दाराचा उंबरा काढून टाकला. अंगणातल्या पायऱ्यांशी धरायला लोखंडी पाइप बसवला. त्यासाठी ड्रिल कारखान्यातल्या सागिन यांनी दिलं, ते मशीन दुरुस्त करतात ना, ते. फाटकाशीच देऊन गेले. आत आले नाहीत.

पलंगाचे पाय कापले. तीन बरोबर झाले आणि चौथा आखूड पडला, मग बाकीचे त्याच्या मापाने कापावे लागले. आता पलंग इतका खाली आला आहे, की बसता उठता त्रास होणार नाही.

माझे गुडघे चांगले आहेत, एने. तुम्ही ओळखलंच असेल.

तुमच्या मिरलानचा फोन आला होता. हे लिहायचं नव्हतं, पण न लिहिता पुढचं सांगता येत नाही. तिकडे रशियात त्याला मुलगा झाला हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणाला, "आई आता मावशीकडेच राहणार. तू एकटी त्या घरात काय करतेस? माहेरी जा, घर विकून टाकू. इथे क्रास्नोयार्स्कला आम्हाला जागा लहान पडते."

मी म्हटलं, "घर एनेंचं, तुझ्या आईचं आहे. त्यांना विचार." त्याने फोन ठेवला.

मग माझा भाऊ केनेश ट्रक घेऊन आला, मला सामानासकट न्यायला. म्हणाला, "त्याने दुसरी केली. तुला मूल ना बाळ. ती म्हातारी आता तुझी कोण लागते?" मी त्याला शोर्बा वाढला. रिकामा ट्रक घेऊन तो परत गेला.

तो गेल्यावर भिंत घासता घासता उत्तर सुचलं. दुसऱ्यांदा माझं मूल पोटातच गेलं तेव्हा मिरलान घरी फिरकला नाही. तुम्ही माझं डोकं मांडीवर घेतलंत आणि केस विंचरत बसलात, गुंता नव्हता तरी. हे त्याला सांगायला हवं होतं.

घराचं तुम्ही ठरवा. विकायचं असेल तर विका, लिंपलेल्या घराला किंमतही बरी येईल. घर राखण्यासाठी मी तुम्हाला बोलावते आहे असं मनात आणू नका. विकलंत तर मी भाड्याने जागा बघेन, पण ती दोघींसाठी बघेन.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही 'बहिणीकडे चार दिवस जाऊन येते' म्हणालात आणि जाताना हिवाळ्याचा कोट घेतलात. मी कोट पाहिला होता. मला वाटलं, माझं तोंड बघितलं की तुम्हाला मिरलान आठवतो. तसं असेल तर सरळ लिहा. मी पुन्हा विचारणार नाही.

जमिनीच्या फळ्यांना रंग द्यायचा तेवढा राहिला आहे.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
तुर्सुनाय


कोचकोर,
२९ मे

तुर्सुनाय,

पत्र मिळालं. अक्षर वाकडं येतंय, चष्मा कालीमाचा आहे. हिरवी पानं आणि पिवळे पट्टे, ही खोली आहे का बाजार? पण चुलीमागे चुना दिलास ते शहाणपणाचं केलंस.

तुझं तोंड बघवत नव्हतं असं नाही. तुझ्यासमोर जेवायला बसले की घास उतरत नसे. मिरलानला मीच वाढवलं.

दुसरं कारण कुणाला सांगितलं नाही, कालीमालाही नाही. गेल्या उन्हाळ्यात तो सागिन तुझी पिठाची गोणी उचलून फाटकापर्यंत आला होता. खिडकीत मला पाहिलं आणि गोणी तिथेच ठेवून मान खाली घालून परत गेला. भला माणूस आहे, बायको जाऊन किती वर्षं झाली त्याची. तू गोणी ओढत आत आणलीस आणि माझ्याकडे न बघता पीठ मळायला बसलीस. मी मनात म्हटलं, नवऱ्याची आई खिडकीत बसलेली असेपर्यंत या पोरीच्या दारात कुणी येणार नाही. म्हणून कोट घेतला. आणि तू लिहितेस, 'आत आले नाहीत.' म्हणजे मी जाऊनही काही उपयोग झाला नाही. तू तिकडे माझ्यासाठी पलंगाचे पाय कापत बसलीस.

मिरलानला फोन केला. नातवाला बघायला मी जाईन, त्या लेकराची काय चूक. पण घर विकायचं नाही, असं सांगितलं. आवाज चढवला त्याने. चढवू दे.

गुरुवारच्या मिनीबसने येते. जमिनीला रंग एवढ्यात लावू नकोस, ओल्या रंगावरून मी आत कशी येऊ?

एक अट आहे. सागिन पुन्हा आला तर फाटकातून परत जाणार नाही. मी त्याला आत बोलावीन आणि चहा करीन. तुझं मन नसेल तर तसं मला सांग, मीच त्याला गोड बोलून वाटेला लावीन. मन असेल तर तुझी पाठवणी या घरातून होईल आणि ती मी करीन, रीतीप्रमाणे, रजयांचा ढीग लावून. लोक म्हणतील, सासू कधी सुनेची पाठवणी करते का. केनेशलाही बोलव. माझी कोण लागतेस, ते त्याला तेव्हा दिसेल.

रजयांची लोकर इथूनच आणते. तिकडे बाजारात धुळीसकट तोलतात.

तुझी आई,
बात्मा