पाण्याचा गट

३ मार्च
नोकरी लागली, आणि वर राहायला खोलीही. आईला कळवलं, आता माझ्या पित्ताची काळजी पुरे. प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई बोलायला गोड. माझी जळजळ ऐकून त्यांनी गोळ्यांची बाटलीच हातात ठेवली. पोटातलं आम्ल कमी करणारं हे औषध इथलंच, उंदरांवर पारखलेलं. निम्म्या उंदरांना औषध द्यायचं, निम्म्यांना नुसतं पाणी. मग सगळ्यांना अरुंद जाळीत कोंबून थंड खोलीत ठेवायचं. नुसत्या भीतीनं पोटात व्रण पडतात म्हणे. ते बघायला रोज थोड्यांची पोटं उघडतात. मी फक्त पाजायचं, हे नशीब.

७ मार्च
पाण्याच्या गटात एक कान फाटलेली उंदरीण आहे. सगळ्यांच्या खाण्यावर नजर ठेवते, म्हणून तिचं नाव काकू. ती जाळीत थरथरते ते बघवेना. आज पाण्याच्या गटालाही गुपचूप औषध पाजलं. कुणाच्या बापाला कळतंय.

९ मार्च
उघडलेली सगळी पोटं स्वच्छ. मी मनात हसले. बाई एवढंच म्हणाल्या की भीती कमी पडली. संध्याकाळी आणखी अरुंद जाळ्या आल्या.

१३ मार्च
परत पाजलं, परत स्वच्छ, परत भीती कमी पडली. आता काकूला मानही वळवता येत नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझ्या दयेनं त्यांना आगीतून फुफाट्यात टाकलं. स्वतःचीच चीड येते. उद्यापासून बंद.

१६ मार्च
औषध अचानक तोडलं की आम्ल दुपटीनं उसळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या गटाच्या पोटांना भोकं. काकूच्याही. बाई खुशीत. म्हणाल्या, माझं गुपचूप पाजणं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. औषध तोडलेला गट त्यांना हवाच होता, म्हणून तर या कामाला हळवी माणसं घेतात. मग माझी गोळ्यांची बाटली काढून घेतली.

१९ मार्च
खोलीला बाहेरून कडी. जेवण नाही, नुसतं पाणी. गारठा — छातीपासून खाली आग. काल ओकले ते काळं होतं.

तारीख कळत नाही
नवी बाई कामाला आली आहे. नोकरीवर खूश दिसते. तिनं दाराखालून गोळी सरकवली. घेतली मी. शांत वाटलं. डॉक्टरीणबाई तपासून गेल्या, म्हणाल्या, भीती —

पलंग नेला. भिंत पुढे आली आहे, की मीच — कोपर हलत नाही —

दाराखाली परत गोळी. नको देऊस गं बये. दया नको. माझं पोट शांत दिसलं की त्या अजून —