चार बोटं खाली

दादा,

येत्या रविवारी आपल्या चर्चला शंभर वर्षं होतायत. फादरांनी त्याच्या इतिहासाची पुस्तिका काढलीय. मनोरा, घंटा, कमानी, सगळ्याची माहिती आहे. तुझ्या खिडकीचीसुद्धा.

तीच, डावीकडची शेवटची. पडलेली भिंत आपण दोघांनी पुन्हा बांधली आणि सगळ्या खिडक्यांत ती एकटी चार बोटं खाली आली. बाबा सगळ्या गवंड्यांसमोर म्हणाले, "डोळे फुटले होते का तुझे?" तू थापी खाली ठेवलीस ती कायमची.

दादा, तुझं मोजमाप बरोबर होतं. उंची मोजायची काठीच आखूड होती. माझा हातोडा दांड्यात हलत होता, म्हणून आदल्या दिवशी मी त्या काठीचं टोक कापून पाचर मारली होती. चाळीस वर्षं मूग गिळून बसलो.

फादर लिहितात, "बसल्या जागेवरून म्हाताऱ्यांना झाडं दिसावीत म्हणून ही खिडकी मुद्दाम खाली ठेवली." वाचून मी पोट धरून हसलो. पण त्या बाकासाठी म्हाताऱ्यांची खरंच चढाओढ असते. मीही त्यातलाच, लवकर जाऊन जागा धरतो.

हे पत्र टाकत नाही. रविवारी तू येशील, तेव्हा त्याच बाकावर बसवून तोंडानेच सांगेन. हातोडा सोबत आणतो. पाचर अजून जागची हललेली नाही.

तुझा धाकटा