भाच्याचं भारदस्त नाव

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून आयुष्याला वळण. ताईने होणाऱ्या बाळाच्या नावाचं काम माझ्यावर सोपवलं. बरोबरच आहे. घरात साहित्य शिकलेला मी एकटाच. कॉलेज मध्येच सोडलं हे खरं, पण पुढे नुसती उजळणीच असते. ठरलं, नाव अभिजात साहित्यातलंच! भावोजी म्हणाले, प्रोफेसर, नाव हाक मारायला लागतं, दुकानाच्या पाटीला नाही. रंगाच्या डब्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा? (मीही त्यांच्याच दुकानात डबे घुसळतो. पण तात्पुरता.)

४ फेब्रुवारी
वाचनालयात गेलो. काउंटरवर ती.
आता काय लिहू? शिक्का मारते आणि शाई वाळावी म्हणून पानावर हळूच फुंकर घालते. मी तिथेच संपलो.

५ फेब्रुवारी
नाटकं-महाकाव्यं घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. नियम करणाऱ्याचं भलं होवो. तिने विचारलं, एवढी जाडजूड कशाला? म्हटलं, आमच्याकडे बाळ येणार आहे, नाव शोधतोय. ताईचा उल्लेख मुद्दाम टाळला. बहिणीसाठी आलो म्हटलं की माणूस निरोप्या वाटतो. ती एकदम खुलली. अभिनंदन म्हणाली! आजवर काउंटरपलीकडून कुणी माझं अभिनंदन केलेलं नाही.

९ फेब्रुवारी
एका महाकाव्यात सापडलं. रणदुर्मद! सेनापती आहे. पहिले चार सर्ग नुसता गर्जतो. पुढचे वाचायची गरज वाटली नाही, माणूस कळला. ताई म्हणाली, एवढी हाक मारेपर्यंत पोरगं जिन्यावरून गडगडलेलं असेल. भावोजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी जेवणावरून उठलो.
नंतर आईने ताट झाकून ठेवलं होतं ते जेवलो. तत्त्व वेगळं, भूक वेगळी.

१२ फेब्रुवारी
तिने विचारलं, पहिलंच का? म्हटलं, पहिलंच. तब्येत कशी आहे? म्हटलं, पाय सुजतात, चिडचिड करते, आंबट मागते आणि दिलं की नको म्हणते. ती म्हणाली, तुम्ही किती बारकाईने लक्ष देता हो! घरी लवकर जात जा, या दिवसांत सोबत लागते.
अजून या घरात पाऊल नाही आणि घरच्यांची इतकी काळजी! आई उगाच म्हणते हल्लीच्या मुली अशा आणि तशा.

१७ फेब्रुवारी
दुकानात भांडण. गिऱ्हाईक म्हणे, मागितला सायीचा रंग, दिलात पिवळा. म्हटलं, डोळे तपासून घ्या. भावोजींनी त्याला डबा बदलून दिला आणि मला मागे गोदामात पाठवलं. राजीनामा देणार. आजच. पण सायकल त्यांची आहे आणि वाचनालय लांब. उद्या देईन.

२० फेब्रुवारी
प्रगती! ती आज मनातलं बोलली. आईचा गुडघा, घरमालकाची कटकट, शिवाय वाचायच्या निमित्ताने येऊन काउंटरवर रेंगाळणारे रिकामटेकडे. म्हणाली, तुमच्यासारख्यांशी बोलायला संकोच वाटत नाही. मी म्हटलं, रेंगाळणाऱ्यांची नावं सांगा, एकेकाला बघून घेतो. ती हसली. आता तुम्हाला मारामाऱ्या शोभतात का, म्हणाली. नाही शोभत. सोडल्या. कायमच्या.

२१ फेब्रुवारी
बसथांब्यावर एकाशी किरकोळ. ढकललं त्यानेच आधी.

२६ फेब्रुवारी
तिने स्वतः विणलेले एवढेसे मोजे दिले. लाजत. म्हणाली, दोघांनाही आवडतील बघा. म्हणजे ताईची आवडसुद्धा हिला न भेटता कळली! अशी नणंद-भावजय शोधून सापडणार नाही. मोजे ताईला अजून दिलेले नाहीत. दोन दिवस उशीखाली राहू देत.
निश्चय: बाळ जन्मलं की त्याच दिवशी तिला विचारायचं. आनंदाच्या भरात माणूस नाही म्हणत नाही.

४ मार्च, दुपार
मुलगी झाली.
ही शक्यता कुणी माझ्या लक्षात आणून दिली नाही. माझ्याकडे सेनापती आहेत, राजे आहेत, एक शाप देणारा ऋषीसुद्धा आहे. मुलीचं एकही नाव नाही. नायिका यायच्या ती पानं मी भरभर उलटली होती. समोर तीच बसलेली असताना दुसऱ्या नायिका कशाला वाचायच्या?
तरी वाचनालयात निघालो आहे. निश्चय म्हणजे निश्चय.

४ मार्च, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
सांगितलं, मुलगी झाली. ती टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. बाळंतीण कशी आहे, विचारलं. म्हटलं, ताई ठीक आहे. ती म्हणाली, कोण ताई? म्हटलं, माझी बहीण, तिलाच तर झाली. मग तुमची बायको? म्हटलं, बायको कुठली, मी तर आज तुम्हालाच...
तिचा चेहराच बदलला. रागावली असती तर मी हाताळलं असतं, रागाची मला सवय आहे. ती शरमली. म्हणाली, बाई गं, मी तुम्हाला संसारी माणूस समजून एवढं बोलत होते. मग म्हणाली, टेबलावरची पुस्तकं तेवढी कपाटात लावून ठेवा. आजवर ती स्वतः लावायची.

५ मार्च
काउंटरवर ग्रंथपाल. ती? आतल्या खोलीत, पुस्तकांना पुठ्ठे घालतेय. इथून पुढे तिथेच. तिनेच मागून घेतलं म्हणे. वर मला विचारतात, बारशाची नावं मिळाली का?
राजीनामा द्यायचं सुचलंसुद्धा नाही. दिवसभर पांढरा घुसळला.

७ मार्च
दवाखान्यात गेलो. मोजे दिले. ताईने कुणी विणले विचारलं आणि मला थापा मारता येईनात. सगळं सांगितलं. वाटलं, आता हसणार. ती हसली नाही. बाळाच्या पायात मोजे चढवत म्हणाली, वेड्या, तुझं ते महाकाव्य राहू दे. एवढ्या मायेने विणलेत, तिचंच नाव ठेवू हिला. काय नाव तिचं?
महिनाभर समोर बसून मी नावंच शोधत होतो. तिला तिचं विचारायचं राहिलं.
ताई वाट बघत होती. भावोजी दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनीही चिडवलं नाही, साधं प्रोफेसरसुद्धा म्हणाले नाहीत. नुसतं स्टूल पुढे सरकवलं, बस म्हणाले.
बसलो.