आईचा रिमोट आणि माझे आकडे

लालबाग, मंगळवार संध्याकाळ

प्रोसेसरमध्ये आतल्या घडामोडी मोजणारे काउंटर असतात मोजकेच. मी एकदम ढीगभर गोष्टी मोजायला सांगितल्या. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, काय केलं? थोडा वेळ ही मोजली, थोडा वेळ ती, आणि मधल्या जागा अंदाजाने भरून मला अख्खे आकडे दिले. किती वेळ खरंच मोजलं, तेही बाजूला छापलं होतं. मी कधी बघितलंच नाही!

म्हणजे आईचा रिमोटच की. एकाच वेळी लागणाऱ्या दोन मालिका ती आलटून पालटून बघते आणि शेजारच्या सावंतकाकूंना दोन्ही अख्ख्या सांगते. बहुतेक वेळा जुळतंही, कारण रोज तेच चालतं. पण मधेच काही घडलं तर?

आज गॅलरीत आई रंगात आली होती. "बघाच, सून आता सासूला धडा शिकवणार."

"अगो, सासू काल मेली ना!" काकू म्हणाल्या.

तेव्हा रिमोट दुसरीकडे होता.

उद्या टीमला सांगायचंय, मी कोडमध्ये केलेल्या बदलाने कर्नल वेगवान झाला. झालाय का खरंच? आता एकेकच गोष्ट मोजायला लावून बसलोय. सासू जिवंत आहे का, कळेलच.